विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ विमानाला टार्गेटिंग पॉड लटकवायचा की सेन्सर आतच हवा?

डेकवरचा_वारा (धागाकर्ता)

परवा एका ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की ज्या लढाऊ विमानाचा टार्गेटिंग सेन्सर अंगातच नाही, बाहेर पॉड लटकवावा लागतो, ते विमान इथून पुढे कॅरिअरवर ठेवायच्या लायकीचं नाही. एफ-३५सी च्या नाकाखाली बघा कशी काचेची पैलूदार खिडकी आहे, थर्मल कॅमेरा आणि लेझर दोन्ही त्यातच, बाहेर काही लोंबत नाही, चीनच्या जे-३५ लाही तसंच दिलंय, हेच भविष्य वगैरे वगैरे. झाडून सगळ्यांनी अंगठे दिले. मला ते पटलं नाही, वाद घालायला गेलो तर मीम्स यायला लागले म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टार्गेटिंग पॉड म्हणजे साधारण दोन मीटर लांबीचा, दोन-अडीचशे किलोचा नळकांडं टाइप डबा. पुढच्या टोकाला सगळीकडे फिरणारं डोकं, त्यात इन्फ्रारेड कॅमेरा, दिवसाचा कॅमेरा आणि लेझर. कॉकपिटमध्ये स्क्रीनवर लक्ष्य दिसतं, त्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवायचा, बॉम्ब त्या ठिपक्याकडे जातो. तोच लेझर अंतर मोजून जागेचे कोऑर्डिनेट्सपण देतो.

आता माझं म्हणणं. विमान तीस वर्षं वापरतात आणि कॅमेरा दहा वर्षांत शिळा होतो. हे ज्याला कळलं त्याला पॉडचं महत्त्व कळलं. एफ-१४ टॉमकॅट घ्या. १९७४ मध्ये नौदलात आलेलं विमान, काम काय तर लांबून येणारी बॉम्बर विमानं फिनिक्स क्षेपणास्त्राने पाडायची. शीतयुद्ध संपलं आणि ते कामच गेलं. जमिनीवर मारा करणारी इंट्रुडर विमानं रिटायर होत होती, लेझर बॉम्ब टाकणारं कोणीतरी हवं होतं. मग अमेरिकन नौदलाने हवाई दलाचा लँटर्न पॉड घेतला, १९९५ ला चाचणी केली आणि १९९६ ला एंटरप्राइझ जहाजावरून पॉड लावलेली टॉमकॅट निघालीसुद्धा. जुन्या विमानाच्या कॉम्प्युटरशी सगळं जोडत बसायला वेळ नव्हता म्हणून पॉडच्याच पोटात जीपीएस आणि इनर्शियल यंत्रणा (आपली हालचाल आणि दिशा स्वतःच मोजणारी) घातली आणि मागच्या सीटवरच्या अधिकाऱ्याच्या डाव्या हाताशी एक वेगळी कंट्रोल स्टिक दिली. झालं काम. १९९९ ला कोसोव्होच्या युद्धात हीच विमानं डोंगरात लपलेली लक्ष्यं शोधून दुसऱ्यांना दाखवत होती.

तोच सेन्सर विमानाच्या आत बसवायचा म्हटला असता तर नाक फाडावं लागलं असतं, आणि तोपर्यंत विमान म्युझियममध्ये गेलं असतं.

नट_बोल्ट

प्रचंड असहमत. टॉमकॅटची गोष्ट छान आहे पण ती नाइलाजाची गोष्ट आहे, तुम्ही तिला धोरण बनवताय. घर बांधताना जिना विसरलो म्हणून शिडी लावली आणि आता म्हणायचं शिडीच बरी, कधीही हलवता येते!

जमिनीवरच्या विमानतळाचे हिशोब डेकवर चालत नाहीत. डेकवरचा कॅटापल्ट (विमान ढकलून उडवणारं यंत्र) विमानाला दोनेक सेकंदांत अडीचशे किमी वेगाच्या वर नेतो आणि परत येताना विमानाचा हुक डेकवरच्या वायरमध्ये अडकला की साधारण शंभर मीटरमध्ये सगळं थांबतं. आणि अलगद टेकवणं वगैरे प्रकार नसतो तिथे, विमान अक्षरशः आपटतात. आता त्या आपटण्यात पायलनला (विमानाखालच्या टांगणीला) लटकलेला दोनशे किलोचा डबा, त्यात आरसे, लेन्सा, कॅमेरा फिरवणारं गिंबल, थंड ठेवलेला डिटेक्टर. दिवसातून दोनदा असं आपटा आणि मग सांगा कॅमेरा सरळ बघतोय म्हणून.

दुसरं वजन. अमेरिकन नौदलाच्या सुपर हॉर्नेट विमानाला उतरताना जास्तीत जास्त वजन ४४,००० पौंड, म्हणजे वीस टनाच्या आसपास. त्यात विमान, उरलेलं इंधन, न वापरलेले बॉम्ब सगळं आलं. वजन जास्त झालं तर बॉम्ब समुद्रात टाकता येतो, इंधन सोडता येतं. पॉड टाकणार का? तो महागडा डबा घरी आणायचाच. म्हणजे रात्री, हलत्या डेकवर, पहिल्यांदा वायर हुकली तर पुन्हा फेरी मारायला जे इंधन हवं त्यातून हा डबा आपला वाटा घेणार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

तिसरं, ती जागा. हॉर्नेटचा पॉड डाव्या गालावरच्या स्टेशनला, म्हणजे शस्त्रं टांगायच्या जागेला लागतो, तिथे नाहीतर एक क्षेपणास्त्र बसलं असतं.

डेकवरचा_वारा

वजनाचं म्हणाल तर आतला सेन्सर काय हवेत तरंगतो का? एफ-३५ चा तो प्रकारही नव्वद किलोच्या घरात आहे. आणि तो प्रत्येक उड्डाणाला सोबत येतो, लागो न लागो. पॉडचं तसं नाही. आज फक्त जहाजाभोवती गस्त घालायची आहे? काढून ठेवा, त्या स्टेशनला क्षेपणास्त्र लावा. उद्या जमिनीवर मारा आहे? लावा परत.

वजन घरी आणायच्या गोष्टीत पॉड हा गुन्हेगारच नाही हो. टॉमकॅट सहा फिनिक्स घेऊन उडू शकायची पण सहाच्या सहा घेऊन डेकवर उतरू शकत नव्हती, एकेक साडेचारशे किलोचं. तिथे दोनशे किलोच्या डब्याचं काय घेऊन बसलात.

मीटर_मोजणारा

नट_बोल्ट यांच्या पहिल्या मुद्द्यावर आकडा देतो कारण तो मुद्दा वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. समजा आपटण्यामुळे पॉडची दिशा एक मिलिरेडियनने सरकली. म्हणजे एका अंशाचा सतरावा भाग, डोळ्याला दिसणारही नाही. पण दहा किमी लांबच्या लक्ष्यावर ही चूक दहा मीटर होते. वीस किमीवर वीस मीटर. तुम्हाला हवी ती इमारत आणि शेजारची इमारत यातलं अंतर कधीकधी तेवढंच असतं. विमानाच्या सांगाड्यात घट्ट बसवलेल्या सेन्सरला हा त्रास कमी, पायलनला लटकवलेल्याला जास्त, कारण मधे एक सांधा आला, आणि दर वेळी काढ-घाल केली की सांधा नव्याने बसतो.

लोखंडी_पंख

@मीटर_मोजणारा भूमिती बरोबर, निष्कर्ष अर्धाच बरोबर.

लेझर बॉम्बला विमानाशी काही देणंघेणं नसतं. पॉडमधला कॅमेरा जिथे बघतो तिथेच पॉडमधला लेझर पडतो का एवढाच प्रश्न, आणि ते दोघं एकाच डोक्यात शेजारी बसलेले असतात. विमानाच्या मानाने अख्खा पॉड वाकडा बसला तरी काडीचा फरक पडत नाही, वैमानिक स्क्रीनवर क्रॉस लक्ष्यावर ठेवतोय, लेझर तिथेच जातोय, बॉम्बला फक्त तो ठिपका दिसतोय. संपलं.

तुमचे दहा मीटर येतात ते पॉडने काढलेले कोऑर्डिनेट्स जीपीएस बॉम्बला दिले की. तेव्हा मात्र विमान कुठे आहे, कुठे तोंड करून आहे आणि पॉड त्याच्याशी किती अंशात आहे हे सगळं लागतं, तिथे सांध्यातली चूक थेट जमिनीवर उतरते. म्हणूनच टॉमकॅटच्या पॉडमध्ये स्वतःचं इनर्शियल घातलं ती नुसती घाई नव्हती, त्यामुळे पॉडला आपली दिशा स्वतःला कळत होती, विमानाच्या जुन्या यंत्रणेवर विसंबायला लागत नव्हतं. धागाकर्त्याने ते 'कॉम्प्युटरशी जोडायला वेळ नव्हता' म्हणून गुंडाळलं, खरी गंमत तिथे होती.

मीटर_मोजणारा

हे मान्य. लेझर आणि कोऑर्डिनेट्स असा फरक मी केला नव्हता, करायला हवा होता.

उगाच_एक

पॉडला मराठीत काय म्हणायचं मग? शेंग? 'वैमानिकाने डाव्या गालावर लक्ष्यवेधी शेंग लावली' 😄

बरं गंमत सोडा. मला तर दोन्ही पार्ट्या गेल्या युद्धाची तयारी करताय असं वाटतं. ढग आले की तुमचा इन्फ्रारेड आंधळा आणि लेझर पांगळा, मग तो नाकात असो की पंखाखाली. कोसोव्होतच ढगांमुळे कितीतरी विमानं बॉम्ब न टाकता परत आली होती ना? आणि कॅरिअरचं खरं काम समुद्रावर. समोर शत्रूची युद्धनौका असेल तर तिच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात जाऊन कोण तिच्यावर लेझर धरून बसणार? लांबून रडारवर बघायचं, शे-दोनशे किमीवरून क्षेपणास्त्र सोडायचं आणि घरी यायचं. हे कॅमेरे म्हणजे ज्याच्याकडे विमानविरोधी काही नाही अशा शत्रूला मारायची चैन आहे.

काठावरचा

@उगाच_एक चैन? ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध, १९८२, बघा. ब्रिटिशांची हॅरिअर हर्मीस नौकेवरून उडत होती, लेझर बॉम्बही होते, पण लक्ष्यावर लेझर टाकायला विमानात काहीच नाही. शेवटी १३ जूनला जमिनीवरच्या माणसाने लेझर धरला तेव्हा बॉम्ब नीट लागला, आणि १४ ला युद्ध संपलं. दात होते चणे होते, चावायलाच उशीर झाला.

आणि २०१६ ला रशियाची कुझनेत्सोव्ह नौका सीरियाजवळ गेली तेव्हा तिच्यावरच्या सुखोई-३३ ला टार्गेटिंग पॉड नव्हताच. नाकावर हवेतली विमानं शोधणारा इन्फ्रारेड गोळा होता, जमिनीसाठी काही नाही. मग साधे बॉम्ब आणि कॉम्प्युटरने हिशोब करून सोडायची एसव्हीपी-२४ नावाची यंत्रणा. विमान आपली जागा जीपीएससारख्या यंत्रणेवरून ओळखणार आणि आधीच दिलेल्या जागेवर बॉम्ब टाकणार. लक्ष्य हललं की विषय संपला, कारण बघणारं कोणी नाही.

समुद्रावरचं म्हणाल तर तुमच्या रडारवरचा ठिपका युद्धनौका आहे, तेलवाहू जहाज आहे की मासेमारीचा ट्रॉलर आहे हे कोण सांगणार? क्षेपणास्त्र दोनशे किमी जाईल हो, पण ओळख पटल्याशिवाय सोडायची परवानगीच मिळत नाही बहुतेक वेळा. तिथे लांबून बघणारा चांगला कॅमेरा लागतोच. युद्ध सुरू व्हायच्या आधीचे जे महिने असतात ना ताणाचे, त्यात तर हाच उद्योग चालतो दिवसभर, कोण कुठलं जहाज आहे ते बघत फिरायचं.

उगाच_एक

ओळख पटवण्याचा मुद्दा घेतला. ढगांचा कोणी घेतला नाही हे लक्षात ठेवतो.

लोखंडी_पंख

ढगांवर उत्तर नाहीये म्हणून कोणी देत नाहीये, ढगाखाली जा नाहीतर जीपीएस बॉम्ब टाका. पण नुसत्या दमट हवेचं बोलू, तो समुद्रावरचा रोजचा त्रास आहे. हवेतली वाफ इन्फ्रारेड गिळते, आणि सगळ्या पट्ट्यांत सारखी गिळत नाही. लँटर्नचा कॅमेरा ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघायचा, उष्ण दमट हवेत लांबचं बघायला ही पट्टी मार खाते. नंतरच्या हॉर्नेटवरच्या एटीफ्लिर पॉडमध्ये ३ ते ५ मायक्रॉनची मधली पट्टी घेतली, ती अशा हवेत लांबवर जास्त बरी चालते. थोडक्यात डिटेक्टर बदलला की समुद्रावरचं दिसणं बदलतं. आता हा डिटेक्टर डब्यात असेल तर डबा बदलायचा. विमानात असेल तर विमानाची रांग लावायची डेपोबाहेर. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने.

नट_बोल्ट

डबा बदलायचा म्हणे. डबे असतात का पण पुरेसे? हीच तर पॉड-संस्कृतीची गोम आहे. सेन्सर वेगळा विकत घ्यायचा म्हटलं की बजेटवाला पहिली कात्री तिथेच लावतो, विमानं आधी घेऊ, पॉड बघू नंतर.

फ्रेंच नौदलाच्या राफेल-एम ची गोष्ट सांगू? २००७ ला चार्ल्स द गॉल नौकेवरून अफगाणिस्तानवर गेली तेव्हा विमान नवं कोरं, लेझर बॉम्ब पंखाखाली, आणि लेझर पॉड जोडलेलाच नाही. मग शेजारून जुनं सुपर एतांदार उडायचं, ते आपल्या पॉडने लक्ष्यावर लेझर धरायचं आणि राफेल बॉम्ब टाकायचं. सत्तरच्या दशकातल्या डिझाइनच्या म्हाताऱ्याने नव्या पोराचं बोट धरून नेल्यासारखं! दामोक्लेस पॉड राफेलवर आला तो पुढची आवृत्ती आल्यावर. सेन्सर विमानाचाच भाग असता तर तो मागे राहिलाच नसता, कारण त्याच्याशिवाय विमान फॅक्टरीतून बाहेरच पडलं नसतं.

डेकवरचा_वारा

उदाहरण चांगलं आहे आणि उलट माझ्याच कामाचं आहे. राफेलला पॉड नव्हता तरी ते युद्धावर गेलंच ना? आत बसवायचा हट्ट असता तर सेन्सर तयार होईपर्यंत अख्खं विमान जमिनीवर. नंतर तेच विमान दामोक्लेसवरून टॅलिऑस पॉडवर गेलं, उजव्या बाजूच्या इनटेकखालचं (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाखालचं) तेच स्टेशन, विमानाचं नाक कोणी उघडलं नाही. भारतीय नौदलाने २०२५ ला करार केलेली २६ राफेल-एम घ्या, वीस वर्षांनी जो कोणता चांगला पॉड असेल तो त्या स्टेशनला लावायचा रस्ता तरी मोकळा आहे.

आणि आतल्या सेन्सरचं काय होतं तेही बघा. टॉमकॅटच्या शेवटच्या फेरीत, २००५-०६, थिओडोर रूझवेल्ट नौकेवर असताना, पॉडमधलं चित्र जमिनीवरच्या सैनिकाच्या लॅपटॉपवर थेट पाठवायची सोय त्यांनी जोडून घेतली. रिटायर होणाऱ्या विमानात! आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेल्या एफ-३५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना तसं व्हिडिओ खाली पाठवणं जमत नव्हतं, यावर तिकडे भरपूर आरडाओरडाही झाला. का? कारण कुठलीही गोष्ट आत घातली की ती विमानाच्या सॉफ्टवेअरच्या रांगेत उभी राहते.

नट_बोल्ट

एफ-३५ चा मुद्दा तुम्ही अर्धाच सांगताय. त्याच्या पंखाखाली पॉड लावला की रडारवर ते लपायचं बंद झालं, मग त्यासाठी मोजलेले पैसे समुद्रात. तिथे आतला सेन्सर ही आवड नाही, अट आहे. आणि पुढची सगळी कॅरिअर विमानं त्याच वाटेने येणार आहेत.

मीठभाकर

वाचत होतो नुसता, पण मिठाचं कोणी काढलंच नाही म्हणून लिहितो. माझं काम थर्मल कॅमेऱ्यांशी येतं, युद्धाचे नाहीत, कारखान्यातले. समुद्राजवळच्या एका साइटवर कॅमेऱ्याचं सील एकदा बारीक फुटलं, बाहेरून काही दिसेना, चित्र मात्र रोज थोडं धुरकट होत गेलं. उघडलं तर आतल्या बाजूने वाफ धरलेली आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर. तो कॅमेरा तर एका जागी खिळलेला होता. डेकवर तर खारा वारा, इंजिनाचा धूर, तेल, सगळंच.

माझ्या अनुभवात मार खातो तो कनेक्टर. म्हणून काढ-घाल जितकी कमी तितकं बरं, इथे नट_बोल्ट बरोबर. पण बिघडल्यावर काय? आतला सेन्सर बिघडला की विमान हँगरमध्ये. पॉड बिघडला की तो खोलून खाली वर्कशॉपला, दुसरा लावून विमान पुढच्या फेरीला. जहाजावर बंदर येईपर्यंत थांबायची सोय नसते त्यामुळे मी म्हणेन पॉड, पण काढ-घाल कमी करा. लावला की लावलेला ठेवा.

लोखंडी_पंख

आणि त्यांनीच मधला मार्गही काढलाय की. सुपर हॉर्नेटला हवेतलं लांबचं विमान शोधायला इन्फ्रारेड सेन्सर हवा होता, नाकात जागा नाही, पंखाखालची स्टेशनं भरलेली. तर पोटाखालच्या इंधनाच्या टाकीचं पुढचं तोंड कापून तिथे सेन्सर बसवला. टाकी तशीही बहुतेक वेळा लावलेली असतेच. थोडं इंधन गेलं पण स्टेशन वाचलं. जुगाड हा शब्द आपलाच आहे असं आपल्याला उगाच वाटतं.

नट_बोल्ट

जुगाडच तो. टाकी आता फेकता येणार नाही, फेकली की सेन्सर गेला. आधी निदान लढाईत टाकी टाकून हलकं तरी होता यायचं.

लोखंडी_पंख

कॅरिअरवाले तशाही टाक्या सहसा फेकत नाहीत. जहाजावर किती टाक्या ठेवणार जादाच्या.

काठावरचा

मला एक सांगा, दोन्ही बाजूंना विचारतो. प्रत्येक विमानाला सेन्सर हवाच का? चारच्या गटात दोघांना असला आणि बाकीच्या दोघांनी नुसते बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं नेली तर? २०११ ला लिबियावर इटलीची हॅरिअर गॅरिबाल्डीवरून गेली, एवढीशी नौका, मोजकी विमानं, तिथे लाइटनिंग पॉड लावलेलं प्रत्येक विमान मोलाचं. पण मोठ्या कॅरिअरवर चाळीस-पन्नास लढाऊ विमानं असताना सगळ्यांना कशाला?

डेकवरचा_वारा

चालेल की. पॉडचा फायदाच तो, कोणाला द्यायचा ते त्या दिवशी ठरवता येतं.

नट_बोल्ट

आणि चारातल्या ज्या दोघांना दिला त्यातलं एक इंजिन तापलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलं आणि दुसऱ्याचा पॉड मीठभाकरांच्या कॅमेऱ्यासारखा धुरकट झाला, मग उरलेले दोघं बॉम्ब घेऊन काय करणार?

डेकवरचा_वारा

शेजारून एखादं सुपर एतांदार जातंय का बघणार 😀 गंमत सोडा, तेव्हा बॉम्ब घेऊन परत यायचं. आणि हो, उतरताना तुमच्या त्या वीस टनांत पॉडचं वजन नसेल, तेवढं इंधन जास्त.

नट_बोल्ट

बॉम्बचं आहे ना पण!